एकशे तेराव्या पानाची कड

माझ्या छपाईची एकच ख्याती आहे, साफ पान. जालन्यात कुणालाही विचारा, बियाण्याच्या पाकिटापासून लग्नपत्रिकेपर्यंत कन्हैयालालच्या प्रेसमधून डाग पडलेला कागद बाहेर जात नाही. गेलाच तर मी तो परत मागवतो आणि ज्याच्या हातून झालं त्याची खरडपट्टी काढतो. घरात आम्ही मारवाडी बोलतो, पण राग मला मराठीतच येतो. तीन पिढ्या इथं काढल्यावर तेवढं तर व्हायचंच.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे केलं ते या साफपणाच्या माजात केलं. वेंधळेपणानं झालं असतं तर मी आज निवांत झोपलो असतो.

जुन्या इतिहासाच्या पुस्तकांचा नाद मला सात-आठ वर्षांपूर्वी लागला. एमआयडीसीतल्या बियाणे कंपन्यांचं काम हंगामापुरतं असतं, आणि मशीन गप्प बसलेलं मला बघवत नाही. कुठकुठल्या ग्रंथालयांनी दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करून इंटरनेटवर टाकलेली असतात. मी ती उतरवून घेतो, वारस असतील तर त्यांची परवानगी काढतो, पानं साफ करतो आणि दोन-तीनशे प्रती छापतो. स्कॅन केलेल्या पानावर काय काय असतं म्हणून सांगू! ग्रंथालयाचा गोल शिक्का, चहाचा डाग, वाळवीची भोकं, कुणीतरी पेन्सिलीनं मारलेल्या रेघा, कधी तर स्कॅन करणाऱ्याचा अंगठासुद्धा. मी एकेक पान संगणकावर मोठं करतो आणि हे सगळं पुसून काढतो. पान असं दिसलं पाहिजे, की कालच छापलंय. प्राध्यापक मंडळी फोन करून म्हणतात, शेटजी, कमाल केली. ते ऐकायला मला फार आवडतं, खोटं कशाला बोलू.

अप्पाराव गुरुजींचं पुस्तक असंच सापडलं. गुरुजी अंबड भागातले शाळामास्तर, त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. निजामाच्या शेवटच्या वर्षात गोदाकाठच्या गावांत काय घडलं, रझाकारांनी कुणाला नेलं, कुणी लढणाऱ्यांच्या छावण्या चालवल्या, कुणी लपून भाकरी पोचवल्या, हे त्यांनी गावोगाव पायी फिरून लिहिलं आणि चौसष्ट साली पदरमोड करून छापलं. त्यानंतर ते पुन्हा निघालं नाही. तीर्थपुरीला वाचनालय चालवणारे आदिनाथ सर माझ्या मागंच लागले, की यंदा सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, याचं प्रकाशन आमच्या गावात करू. गुरुजींच्या नातवानं परवानगी दिली. घोडं एकाच ठिकाणी अडलं. इंटरनेटवरच्या प्रतीत एकशे तेरापासून एकशे अठ्ठावीसपर्यंतची सोळा पानं नव्हतीच. एकत्र छापून शिवलेला अख्खा फर्मा गळालेला. सरांनी सगळीकडं निरोप पाठवला, की कुणाच्या घरी मूळ प्रत असेल तर जालन्याला कन्हैयालालशेटकडं पोचवा.

पाच-सहा दिवसांनी एक म्हातारी प्रेसच्या दारात उभी राहिली. पंच्याहत्तरीच्या पुढची, काटक, डोईवर पदर, छातीशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं.

"दुसरी आवृत्ती काढून राह्यलात म्हणं तुम्ही?"

खेड्यातल्या म्हातारीच्या तोंडी 'आवृत्ती' हा शब्द ऐकून मला गंमत वाटली. "होय मावशी, या, बसा."

ती पुष्पाबाई. अंकुशनगरला राहणारी, मुलगा साखर कारखान्यात. कापड सोडून तिनं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. पाठ सुटलेली, खालची कड वाळवीनं कुरतडलेली, पण पानं सगळी होती. मी आधी एकशे तेरा उघडून पाहिलं आणि खूश झालो.

"सगळं घ्या बरं," ती म्हणाली. "कडंचं बी घ्या. जसंच्या तसं."

"बिलकुल," मी म्हणालो. तेव्हा माझ्या कानाला फोन होता. ज्वारीच्या पाकिटावर हिरवा फिका आला म्हणून एक कंपनीवाला बोंबलत होता, आणि मी त्याच्यावर बोंबलत होतो.

"लई वर्सं वाट पाह्यली या दुसऱ्या आवृत्तीची," ती म्हणाली. मी मान हलवली आणि फोनवरचं भांडण पुढं चालू केलं. तिच्यासाठी चहा मागवला होता, तो तिनं एकटीनंच प्यायला आणि गेली.

प्रकाशनाला चार दिवस उरले होते तेव्हा मी ती सोळा पानं स्कॅन करून साफ करायला बसलो. पहिलंच पान एकशे तेरा. नदीपलीकडच्या छावणीवर रझाकारांचा छापा पडला, तीन पोरं मारली गेली, त्याची हकिगत. छापलेली शेवटची ओळ अशी होती: 'छावणीची वाट कचरू रामराव या इसमाने फितुरी करून दाखविली.' आणि तिच्या खाली मोकळ्या कडेत निळ्या शाईनं, बारीक, सुबक अक्षरात पाच ओळी लिहिलेल्या होत्या.

मी त्या वाचल्या. हेच मला पुढं नाकारायचं होतं, म्हणून इथं स्पष्ट लिहितो. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या.

'वर कचरू रामराव याच्याविषयी लिहिलेले खोटे आहे. मी चौकशी न करता ऐकीव लिहिले. कचरूने दोन दिवस मार खाल्ला, पण वाट सांगितली नाही. ही चूक माझी आहे. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करीन.' आणि खाली सही, 'अप्पाराव'. शेवटच्या अक्षराची शेपूट लांब खाली ओढलेली.

लेखकानं स्वतः लिहिलेलं होतं ते. मला तेव्हाच कळलं, मी काय दूधखुळा नाही. ते ठेवायचं तर निळं अक्षर काळ्यात बरं दिसणार नाही. टीप म्हणून जुळवायचं तर नातवाला विचारा, पानाची मांडणी हलवा, परत तपासा. दिवस चार, आणि त्यातला एक गणपतीत जाणार. मी स्वतःशी म्हणालो, कोण कुठला कचरू, केव्हाच मरून गेला असेल. साठ वर्षांत कुणी विचारलं नाही, आता कोण विचारतंय! मी ते निळं निवडलं आणि पुसलं. अर्ध्या मिनिटाचं काम. साफ झालेलं पान संगणकात जुन्यावरच, त्याच नावानं जपून ठेवायची माझी सवय आहे, जागा कमी लागते. म्हणजे आधीचं पानही तिथंच संपलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी तिच्या पुस्तकात ते शिल्लक राहिलं असतं. पण मला उपकाराची फेड करायची होती ना! म्हातारीनं विश्वासानं प्रत दिली, तर तिला ती नवी करून द्यावी. मी स्वतःच्या हातानं पुस्तक शिवलं, लाल कापडाचा पुठ्ठा चढवला, आणि बांधलेल्या पुस्तकाच्या तीन कडा कापायच्या म्हणून कटिंग मशीनमध्ये घातलं. खालची कड वाळवीनं खाल्लेली, म्हणून तिथं बोटभर जास्त घेतलं. कापलेल्या पट्ट्या खाली पडल्या, त्या मी पायानं बाजूला सारल्या.

सतरा सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन झाल्यावर वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. आदिनाथ सरांनी पुष्पाबाईला मंचावर बसवलं होतं, हरवलेली पानं देणारी म्हणून. शाल, श्रीफळ, आणि माझ्या हातून ते लाल पुठ्ठ्याचं पुस्तक. तिनं ते मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवून बसली. सर उत्साहात होते. म्हणाले, "साठ वर्षांनी परत आलेलं पान आज आपण पहिल्यांदा वाचू." आणि त्यांनी नव्या प्रतीतलं एकशे तेरावं पान उघडलं.

सरांचा आवाज चांगला आहे. छावणी, छापा, तीन पोरं. मग ती ओळ आली, फितुरीची. पुष्पाबाईनं मान वर केली आणि सरांच्या तोंडाकडं पाहत राहिली. तिचे ओठ हलत होते. सर वाचतील त्याच्या अर्धं पाऊल पुढं ती मनात काहीतरी म्हणत होती. सरांनी पान उलटलं.

खाली लोकांत, माझ्या शेजारी बसलेला एक म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, "अरारा! कचरूची पोर हाय ना ती. सरांना म्हाईत न्हाई वाटतं, तिलाच वर बसवून ऐकवलं की."

समोर ती शाल पांघरून बसली होती. मागच्या दोन-तीन रांगांतली जुनी माणसं तिच्याकडं पाहून एकमेकांच्या कानाला लागत होती. तिला उठताही येईना. साऱ्या गावासमोर, तिच्या देखत, मी तिच्या बापाला पुन्हा फितूर ठरवलं होतं, तेही कोऱ्या, पांढऱ्या, सुंदर कागदावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या छपाईचं कौतुक झालं.

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडं आली. "शेटजी, खालचं राह्यलं."

"खालचं?"

"निळं. गुरुजींचं."

मी बोललो ते इतक्या सहज, की माझं मलाच नवल वाटलं. "मावशी, ते मशीन असतंय ना, ते डाग समजून आपोआप पुसून टाकतंय. आमच्या ध्यानात न्हाई आलं."

मलाच समजावल्यासारखी ती म्हणाली, "मशीनला काय कळतंय."

नऊ दिवसांनी ती परत जालन्याला आली, एकटी. या वेळी तिनं पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं, एकशे तेरावं पान. निळ्या तीन ओळी होत्या. 'वाट सांगितली नाही' इथं कागद संपत होता. 'ही चूक माझी' आणि सही माझ्या कटिंग मशीननं नेली होती.

"बांधलं लई छान तुम्ही," ती म्हणाली, "पर खालून जरा जास्ती कापलं. मी सरांना दाखवलं. सर भले हायेत, म्हणले, सगळ्या पुस्तकांत दुरुस्तीची चिठ्ठी लावू. पर सही पाह्यजे. बिगर सहीचं कुणीबी लिव्हंल, तुमच्याच घरच्यानं लिव्हलं म्हणतील लोकं." तिनं संगणकाकडं बोट केलं. "याच्यात फोटो असंल ना?"

मी तिच्यासमोर शोधायचं नाटक केलं. नसणार हे मला ठाऊक होतं. "न्हाई मावशी."

"मंग पुसायच्या आधी कुणाच्या नदरंत तरी आलं असंल. कुणी सही पाह्यली असंल, त्यानं येऊन सांगितलं तरी चालंल म्हणले सर. तुम्ही वाचलं होतं का?"

समोर दोन कामगार होते, एक गिऱ्हाईक होतं. माझ्या डोक्यामागं भिंतीवर चेंबर ऑफ कॉमर्सनं दिलेलं सन्मानपत्र होतं. मी म्हणालो, "न्हाई. सगळं मशीनच करतंय."

"बराबर," ती म्हणाली. पुस्तक कापडात गुंडाळता गुंडाळता बोलत राहिली, तक्रारीचा सूर नव्हता. "बाप दर सतरा सप्टेंबरला हे पान काढून बसायचा. गावात झेंडा व्हायचा, त्याला बोलावणं नसायचं. माझं लगीन दोनदा मोडलं यापायी. मंग एक दिवस गुरुजी आल्ते घरी. बापाच्या पाया पडले, हे लिव्हलं, म्हणले कचरू, दुसऱ्या आवृत्तीत नीट करतो. आवृत्ती निघायच्या आधी गुरुजी गेले. मंग बाप गेला." गाठ मारून ती उठली. "चला, तीनची गाडी हाय."

ती गेल्यावर मी सगळ्यांवर चिडलो. शाईवाल्यावर, वीज मंडळावर, चहा गार आणला म्हणून हॉटेलवाल्यावर. मग दोन दिवस कुणाशी बोललो नाही. भगवतीदेवी, माझी बायको, म्हणाली, "अंगात ताप आहे का?" तिला काय सांगणार? एका नव्या पुस्तकाची पानं साफ करायला बसलो. एका पानावर कुणीतरी पेन्सिलीनं 'हे चूक' असं लिहिलं होतं. ते पुसायला माझं बोट उचलेना. ते पान आजही तसंच अर्धवट आहे.

माणूस खोटं बोलला तर त्याला सवय होते म्हणतात. मला नाही झाली. त्या तीन ओळींपुढच्या दोन मला तोंडपाठ होत्या, सहीच्या शेपटीसकट. जगात त्या दोन ओळी आता दोनच माणसांना ठाऊक होत्या, आणि त्यातल्या एकीवर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं, कारण ती कचरूची मुलगी. उरलो मी. मी तोंड उघडलं तर तिचा बाप सुटत होता. माझं पितळ उघडं पडत होतं, एवढंच. असं मांडलं तर हिशोब सोपा वाटतो, पण मला तिथं पोचायला अकरा दिवस लागले.

बाराव्या दिवशी मी अंकुशनगरला गेलो. ऊन चढलं होतं. पुष्पाबाई क्वार्टरच्या ओट्यावर तूर निवडत बसली होती. तिनं मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. मी पाणी तसंच हातात धरून म्हणालो, "मावशी, मशीननं न्हाई पुसलं. मी पुसलं. वाचून पुसलं."

सुपातला तिचा हात थांबला.

"सगळं वाचलं?"

"सगळं."

"सही पाह्यली?"

"पाह्यली. शेवटच्या अक्षराची शेपूट लांब खाली ओढलेली होती."

तिनं डोळे मिटले. "हां," ती म्हणाली. "तीच." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मंग त्या दिशी न्हाई कसं म्हणलात?"

"लाज वाटली, मावशी."

"मला साठ वर्सं वाटून राह्यली," ती म्हणाली. "मी काय केल्तं?"

तिनं सूप पुढं ओढलं आणि पुन्हा निवडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "चार माणसांत सांगताल का?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी, वाचनालयाच्या त्याच हॉलमध्ये मी उभा राहिलो. सतरा सप्टेंबरइतकी गर्दी नव्हती, पण ती जुनी माणसं होती, आदिनाथ सर होते, आणि पुष्पाबाई बायकांच्या बाजूला पुढं बसली होती. मी पाची ओळी म्हटल्या. सही सांगितली. एकजण मागून म्हणाला, "मंग पुसलं कुणी?"

"मी."

"चुकून?"

इथं हो म्हणणं किती सोपं होतं. पुष्पाबाई माझ्याकडं पाहत होती. "न्हाई," मी म्हणालो. "वाचून, समजून. पान साफ दिसावं म्हणून."

सर माझ्याकडं बघेनात, अजूनही नीट बघत नाहीत. माझ्या शेजारी प्रकाशनाला बसलेला तो म्हातारा उठला, काठी टेकत पुष्पाबाईपुढं गेला आणि तिला हात जोडून बाहेर निघून गेला. तिनंही हात जोडले. बस, एवढंच झालं.

मी दुरुस्तीची चिठ्ठी छापायला घेणार होतो, छान जाड कागदावर. पुष्पाबाई म्हणाली, "छापल्यालं नको. हातानं लिव्हा, गुरुजींनी लिव्हल्तं तसं. अन् खाली तुमचं नाव टाका." म्हणून मी आता सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढतो आणि ज्यांच्याकडं प्रत गेली त्यांच्या घरी जातो. एकशे तेरावं पान उघडतो, निळ्या पेनानं त्या पाच ओळी लिहितो आणि त्याखाली लिहितो: 'हे मूळ प्रतीत होते. मी वाचून पुसले. कन्हैयालाल.' माझं अक्षर गुरुजींसारखं नाही, गिचमिड आहे, शाई फुटते. पहिली प्रत मी पुष्पाबाईला दाखवली तेव्हा तिनं बोट फिरवून सगळं वाचलं आणि म्हणाली, "डाग पडला की वो." पण पुस्तक ठेवून घेतलं.

तीनशेपैकी दोनशे एकावन्न प्रती झाल्या. बाकीच्या एकोणपन्नास टपालानं गेल्या, पुण्याला, नागपूरला, हैदराबादला, काहींचे पत्तेही आता लागत नाहीत. कुणाच्या तरी कपाटात त्या नीट ठेवलेल्या असतील, कुणी त्यातून उतारे काढत असेल. तिथं कचरू रामराव अजून फितूर आहे. आणि पान एकदम साफ आहे.